ठाणे लोकल दिव्याहून सोडल्या तर बिघडलं कुठे?

दिवा पूर्व: सकाळच्या वेळी मध्य रेल्वेवरच्या, ठाणे आणि डोंबिवलीच्या मधल्या दिवा स्टेशनच्या फलाटावर उभं राहून बघा. मुंबईकडे जाणारी गाडी कल्याण-डोंबिवलीहून भरूनच येते, दारातली माणसं जागची हलत नाहीत. म्हणून कित्येकजण आधी उलटे डोंबिवलीला जातात आणि तिथून जागा धरून येतात. २ जानेवारी २०१५ ला इथे मोठा रेल रोको झाला, डिसेंबर २०१६ मध्ये फास्टचा, म्हणजे मोजक्याच स्टेशनांवर थांबणाऱ्या लोकलचा, थांबा मिळाला. पण गाडी थांबूनही चढता येत नसेल तर त्या थांब्याचं करायचं काय? नवी गाडी देता येत नाही असं रेल्वे म्हणते ना? मग ठाण्याहून सुटणाऱ्या स्लोपैकी, म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणाऱ्या लोकलपैकी, मोजक्या गाड्या दिव्याहून सोडा. ठाण्याच्या पुढे त्या आजही धावतातच.

ठाणेकर: साफ विरोध. घोडबंदर, भिवंडीहून बसचे धक्के खात लोक ठाणे स्टेशनला येतात ते याच गाड्यांसाठी. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका यांना बसायला मिळेल अशी गाडी हीच. ती दिव्याहून भरून आली की आमची अवस्था तुमच्यासारखी. एकाचं काढून दुसऱ्याला देणं हा उपाय नव्हे.

कल्याण पश्चिम: गाडी दिव्याला फिरवणार कशी, याचाही विचार करा. मोटरमन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत गाडी फलाट अडवून राहणार, मागच्या स्लो खोळंबणार. त्यात दिव्याचं फाटक! रिक्षा-टेम्पो रुळांत अडकले की फाटक लागत नाही, आणि फाटक लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही. त्याची झळ पार कसाऱ्यापर्यंत बसते. आधी उड्डाणपूल पुरा करा.

दिवा पूर्व: पुलाबद्दल शंभर टक्के सहमत. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हा वाढलेल्या फेऱ्या बहुतेक एसी निघाल्या. एसीचा पास इथल्या किती जणांना परवडतो? मार्गिका आमच्या दारातून गेली, गाडी मात्र आली नाही.

रत्नागिरीवाला: एक विसरताय. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरला जायची, कोविडनंतर ती दिव्यालाच संपते. गावाहून आलेली माणसं गोणी, फणस, पोरंबाळं घेऊन तिथून लोकलमध्ये घुसतात. दिव्याहून लोकल नसेल, तर आमची गाडी तरी पुन्हा दादरला न्या.

बदलापूर: माझा दिवेकरांना पाठिंबा आहे, आणि त्यात माझाही स्वार्थ आहे. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांतली दिव्याची गर्दी कमी झाली तर दारातली माणसं आत सरकतील. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान लटकणारी माणसं खाली पडली, जीव गेले. त्यानंतरही दारातलं चित्र तेच आहे.

ठाणेकर: पण फास्ट सोडून दिवेकर स्लोमध्ये बसतील का? मला वाटत नाही.

दिव्याची गृहिणी-नोकरदार: मी बसेन. लेडीज डब्यात खांबाला धरायला हात पोचत नाही, तेव्हा फास्टने वाचलेल्या मिनिटांचं काही वाटत नाही. घाटकोपर, कुर्ल्याला उतरणाऱ्या कितीतरी बायका माझ्यासारख्याच आहेत.

ठाणेकर: ठीक आहे, गरज मान्य. मग मागणी दिव्याला गाडी फिरवण्यासाठी वेगळ्या फलाटाची करा, त्यावर सही करायला मी येतो. तो होईपर्यंत ठाण्याची एकही गाडी हलवू देणार नाही.