मदत हवी आहे: आईसाठी नर्सिंगचा राष्ट्रपती पुरस्कार, फॉर्म कुठं मिळतो?

रंकाळा_चौपाटी: आईचं नाव नर्सिंगच्या राष्ट्रपती पुरस्काराला द्यायचंय. दोन ऑफिसं फिरलो, एका ठिकाणी साहेब रजेवर, दुसऱ्या ठिकाणी जेवायची सुट्टी. फॉर्म कुठं मिळतो एवढंच सांगा. अर्जंट.

चंदगडी_काजू: आई स्टाफ नर्स का आरोग्य सेविका? सरकारी का खाजगी?

रंकाळा_चौपाटी: आरोग्य खात्यातच काम करते. फॉर्मचं सांगा की.

जुनी_सिस्टर: बाळा, तू म्हणतोस तो राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 1973 साली सुरू केला. एएनएम (आरोग्य सेविका), एलएचव्ही (त्यांच्यावरच्या आरोग्य सहायिका) आणि नर्स असे गट असतात. पोस्ट सांग आधी.

शाहूपुरी_अण्णा: तो रेड क्रॉसचा असतोय.

जुनी_सिस्टर: अण्णा, ते पदक वेगळं. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचं, 1912 मध्ये ठरलेलं. नाव एकाच नाइटिंगेलबाईंचं, दारं दोन.

शाहूपुरी_अण्णा: असंल. पण 50 हजारासाठी एवढी पळापळ?

चंदगडी_काजू: ते जुनं झालं. 2024 ला 1 लाख, प्रमाणपत्र आणि पदक दिलंय. देशभरातनं 15 जणांनाच. आणि पैशासाठी करतंय व्हय कोण?

बिंदू_चौक_झेरॉक्स: फाईल बनवून मिळेल. कलर प्रिंट, स्पायरल. पुराचे फोटो असतील तर वजन पडतं.

रंकाळा_चौपाटी: फोटो आहेत. 2019 च्या पुरात शिरोळकडं बोटीतनं गरोदर बायकांना बाहेर काढताना आई सोबत होती. वस्तीवरची प्रत्येक डिलिव्हरी तिला तोंडपाठ. 14 वर्षं आशा सेविका आहे, गावात घरोघरी फिरून आरोग्याचं काम बघते.

जुनी_सिस्टर: आशा? अरे, हे पहिल्याच ओळीत लिहायचं! हा पुरस्कार नोंदणी असलेल्या नर्सिंगवाल्यांचा. आशाताईंना त्यात धरत नाहीत.

शाहूपुरी_अण्णा: म्हणजे राबायचं आशांनी आणि पदक सिस्टरनी घ्यायचं!

जुनी_सिस्टर: माझ्या 31 वर्षांच्या नाइट ड्यूट्या तुम्ही करा मग.

चंदगडी_काजू: भांडू नका. 2022 ला जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या सगळ्या आशांचा मिळून सन्मान केलाय, त्यात तुझी आई आलीच. तिच्या एकटीचं काही करायचं तर आशांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक मॅडमना भेट, तालुक्यात कुठला पुरस्कार निघतो ते त्यांनाच आधी कळतं.

शाहूपुरी_अण्णा: सन्मान नको, मोबदला वेळेवर द्या म्हणावं.

रंकाळा_चौपाटी: गटप्रवर्तकांकडं फॉर्म मिळतो का?

बिंदू_चौक_झेरॉक्स: फाईल लागणारच. या.