रेल्वेनं गावाकडं : कोल्हापूर परिसरातले तुमचे अनुभव

1891 मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रूळ आले आणि गाडी अजून इथंच संपते. पुढं कोकणात वैभववाडीपर्यंतच्या रुळांची वाट आपण बघतोयच. पाहुणे शेवटच्या स्टेशनवर उतरतात, जीप ठरवतात. अंबाबाई, पन्हाळा, तांबडा-पांढरा उरकला की परत. मधल्या स्टेशनांवर उतरून कुणी गावं बघितलीत का? लिहा. अडचणीही लिहा.

जयसिंगपूरची सून : मुंबईच्या पाहुण्यांना मी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं इथंच उतरायला लावते. कोल्हापूर गाठून पुन्हा मागं कशाला यायचं? एसटी नाहीतर वडापनं (शेअर जीपनं) नृसिंहवाडी, तिथनं कुरुंदवाडवरून खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला वर छत नाही, गोल मोकळं आभाळ. नणंदेची पोरं खांब मोजत बसली, 48 भरले. येताना वाडीची कवठाची बर्फी. पुराच्या दिवसांत मात्र हा बेत नकोच.

रुकडीकर : आमच्याकडं पॅसेंजरनं आलेल्यांना गुऱ्हाळावर नेतो. काहिलीखाली उसाचीच चिपाडं जळतात, वेगळं सरपण लागत नाही. पण लोक येतात, फोटो काढतात, ‘गूळ कुठाय?’ म्हणतात. अहो, आदण (काहिलीत उकळणारा रस) उतरायला वेळ लागतो! बसा की जरा. जे बसतात ते गरम काकवी खातात आणि गुळाचा रवा (ढेप) विकत घेऊन जातात. ते पैसे गावात राहतात. घाईची गाडी करून आलेला बाटलीबंद पाणी पिऊन जातो.

वळिवडे परिसरातून : 1943 ते 1948 या काळात इथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. आमच्या आजीला ती माणसं आठवायची. एवढा इतिहास स्टेशनाजवळ असून बहुतेक प्रवासी खिडकीतनं बघत पुढं जातात.

राधानगरीवाला : तुमचं बरं आहे, रुळाकाठचे! आमच्याकडं यायला कोल्हापूरपासून 50 किलोमीटर. एसटी स्टँड स्टेशनापासून चालत जाण्याजोगं, पण बॅगा आणि पोरं घेऊन कोण चालतंय? घरी मुक्कामाला येणाऱ्यांना मी गाडीची वेळ आधीच विचारतो आणि दोन-तीन कुटुंबं एकाच जीपमध्ये बसवतो. परतीचं भाडं शेजाऱ्याला मिळतं. गव्यांच्या नादानं आलेल्यांना शेवटची एसटी चुकवू नका, हे बजावावंच लागतं.

पुण्याहून : रुकडीकर, गुऱ्हाळं केव्हा चालू असतात? जुलैमध्ये सुट्टी आहे.

रुकडीकर : जुलैत काय बघणार, चुलवाणात पाणी? दिवाळीनंतर या. निघताना कळवा, आदण कधी आहे ते सांगतो.