गिटार गेली कुठे? काही गेली नाही

‘ओके कॉम्प्युटर’ (१९९७) या अल्बमनंतर रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडने गिटार खुंटीला टांगली, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. त्यांच्या पुढच्या, २००० च्या ‘किड ए’ अल्बममधलं ‘ऑप्टिमिस्टिक’ हे गाणं ऐका, चांगलं गिटारवरच उभं आहे. आणि त्यानंतरचा, २००१ चा ‘अ‍ॅम्नेसिअ‍ॅक’ म्हणजे ‘किड ए’मधून उरलंसुरलं, असंही म्हणतात, ते तर अजिबात पटत नाही. दोन्ही अल्बम एकाच काळातल्या रेकॉर्डिंगमधून निघाले. ‘मॉर्निंग बेल’ हे गाणं दोन्हींत आहे, चाल तीच, रूप वेगळं. म्हणून माझ्या मते बँडने घेतलेलं वळण एकाच अल्बमचं नाही, जोडीचं आहे.

आम्ही अमळनेरला ‘किड ए’ ऐकला तो मावसभावाने पुण्याहून भरून आणलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर. ‘ऑप्टिमिस्टिक’ संपलं की पहिली बाजू खट्‌कन बंद. पुढचं ‘इन लिम्बो’ त्यालाच जोडून सुरू होतं, हे सीडी हातात आल्यावर कळलं, म्हणजे कितीतरी वर्षांनी! पहिल्या दिवशी मात्र सुरुवातीचा तो चिरफाळलेला आवाज ऐकून आजी ओट्यावरून ओरडली होती, “टेप बिघडना का रे भाऊ?” मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसूनसुद्धा पाहिलं.