‘पंडिट’ला मराठीत काय म्हणावं?

बाबा यंदा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, राजकारणाची आवड पहिल्यापासून. पण इथल्या टीव्हीवरचं भरभर बोलणं त्यांच्या कानाला झेपत नाही. म्हणून रात्री जेवणं उरकली की आम्ही अमेरिकेतल्या जुन्या-नव्या टॉक शोंच्या चित्रफिती लावतो, दर दोन मिनिटांनी थांबवतो आणि मी त्यांना मराठीत सांगते. परवा एका शब्दापाशी अडलो. सूत्रसंचालकाने राजकारणावर मतं द्यायला समोर बसलेल्या चौघांना ‘पंडिट्स’ (pundits) म्हटलं. बाबांनी विचारलं, “पंडित? कशातले?”

मी ‘विश्लेषक’ म्हणून पुढे जायला बघत होते, पण त्यांना ते पटेना. विश्लेषण म्हणजे गुंता सोडवून धागे वेगळे करून दाखवणं. या चौघांनी काहीच सोडवलं नव्हतं, कोण जिंकणार तेवढं सांगितलं होतं.

शब्द आपला आहे यात शंका नाही. इथे पुष्कळ जण तो ‘पंडिंट’ असा उच्चारतात, शेवटी एक जास्तीचा न घालून. पण माणूस तो नाही. १९८२ साली सुरू झालेला ‘द मॅकलॉफलिन ग्रुप’ आठवा. जॉन मॅकलॉफलिन आधी जेझुइट पाद्री, मग राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे भाषणलेखक, मग या कार्यक्रमाचे यजमान. चार पत्रकारांना बसवायचं, एकेकावर प्रश्न फेकायचा, उत्तर पुरं होण्याआधीच “राँग!” म्हणून ओरडायचं आणि शेवटी प्रत्येकाकडून एक भाकीत वदवून घ्यायचं. खात्री किती, तेही शून्य ते दहामध्ये सांगायचं. अभ्यासाला, दाखल्याला, शंकेला जागाच नाही. बाबा म्हणाले, “हे काम ज्योतिषाचं आहे, पंडिताचं नव्हे.”

त्यांनी मला न्यायशास्त्रातली (कायद्याच्या नव्हे, तर्काच्या ‘न्याय’ दर्शनातली) जुनी विभागणी सांगितली, ती इथे मांडते, कारण या कार्यक्रमांना ती फार नेमकी लागू पडते. वाद म्हणजे खरं काय ते कळावं म्हणून केलेली चर्चा. जल्प म्हणजे स्वतःची बाजू घेऊन जिंकण्यासाठी केलेली. वितंडा म्हणजे स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं. परंपरावादी लेखक विल्यम बकली यांचा मुलाखतींचा कार्यक्रम ‘फायरिंग लाइन’ (१९६६ ते १९९९) आम्ही जल्पात घातला. १९६९ मध्ये त्यांनी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांना व्हिएतनामच्या प्रश्नावर बोलावलं होतं, तो भाग आम्ही दोन रात्री पुरवून पाहिला. बकलींना जिंकायचंच असतं, पण त्यांची स्वतःची बाजू असते आणि पाहुण्याचं वाक्य पुरं होतं. सीएनएनवरचा दोन बाजूंच्या वादाचा ‘क्रॉसफायर’ मात्र बाबांनी एकाच भागात वितंडेत ढकलला.

त्या ‘क्रॉसफायर’मध्येच दुसरा शब्द सापडला. १५ ऑक्टोबर २००४ रोजी विनोदकार जॉन स्ट्यूअर्ट तिथे पाहुणे होते. त्यांनी विनोद बाजूला ठेवून दोन्ही सूत्रसंचालकांना विनवलं की हे थांबवा, तुम्ही देशाचं नुकसान करताय. आणि त्यांना ‘हॅक’ म्हटलं. पुढच्या जानेवारीत तो कार्यक्रम बंद करत असल्याचं सीएनएनने जाहीर केलं. ‘हॅक’चं मूळ ‘हॅकनी’, म्हणजे भाड्याने मिळणारं घोडं. मी एवढं सांगते तोच बाबा म्हणाले, “मग आपलं भाड्याचं तट्टू!” दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तेच जनावर पकडलं, याचा मला फार आनंद झाला.

‘हॅक’चा प्रश्न असा सुटला. ‘पंडिट’चा राहिला. पंडित लिहिलं तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वामन पंडित येतात, अष्टप्रधानांतले पंडितराव येतात, गाण्यातले पंडितजी येतात. त्या रांगेत या चौघांना बसवायला माझं मन धजत नाही. सुचवा.

प्रतिसाद:
मला अडचण दिसत नाही. निवडणुकीचा निकाल लागला की आपली वर्तमानपत्रं ‘राजकीय पंडितांचे अंदाज चुकले’ असं छापतातच. पढतपंडित, पांडित्य मिरवणे हेही आपलंच. तिरकस छटा मराठीत आधीपासून आहे, बाहेरून आणायला नको.

प्रतिसाद:
कोल्हापुरात वकिली करतो, त्यामुळे थोडं कोर्टाच्या बाजूचं. इंग्रजांची आणि या शब्दाची जवळीक झाली ती बरीचशी कचेरीत. बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज याच्या १७७२ च्या योजनेनुसार हिंदूंच्या वारसा, विवाह वगैरे दाव्यांत धर्मशास्त्र काय म्हणतं ते सांगायला कंपनीच्या न्यायालयांत पंडित नेमले गेले. पंडिताने द्यायच्या लेखी मताला ‘व्यवस्था’ म्हणत. मत पंडिताचं, निकाल न्यायाधीशाचा. आपल्या मुंबई इलाख्यात याच कामावरच्या माणसाला शास्त्री म्हणत. त्या शास्त्र्यांच्या उत्तरांचा वेस्ट आणि ब्यूलर यांनी केलेला संग्रह जुन्या वकिलांच्या कपाटात अजून दिसतो. १८६४ मध्ये हे पद रद्द झालं.

आता तुमच्या प्रश्नाला भिडणारी गोष्ट. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८५ च्या एका पत्रात तक्रार केली आहे की हे पंडित हिंदू कायदा मनाला येईल तसा वाटतात, आणि तयार सापडला नाही तर वाजवी दरात बनवूनही देतात. संस्कृत शिकण्यामागे त्यांचं हेही एक कारण होतं. म्हणजे ‘पंडित’ इंग्रजीत मानाने गेला आणि टीव्हीने त्याला खाली ओढलं, असं सरळ चित्र नाही. अविश्वास पहिल्यापासून सोबत होता. तो सगळा न्याय्य होता असं मी म्हणणार नाही. परक्या न्यायाधीशाला न कळणाऱ्या भाषेतली मतं संशयास्पद वाटणारच. पण मागणीप्रमाणे मत पुरवणारा माणूस हा अर्थ टीव्हीच्या शे-दीडशे वर्षं आधीचा आहे.

प्रतिसाद (धागाकर्ती):
जोन्स यांच्या पत्राचं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वाजवी दरात, हे खरं असलं तर लागतं.” वकीलसाहेब, मनापासून आभार. यजमान विचारणार, हा मत देणार, निर्णय तिसराच घेणार, आणि मत चुकलं तरी याला झळ नाही: कचेरी आणि स्टुडिओ यांतलं हे साम्य माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पहिल्या प्रतिसादावर: ‘राजकीय पंडितांचे अंदाज’ मीही शंभरदा वाचलंय. पण ते नेहमी अनेकवचनात येतं, हे पाहिलंत का? ‘राजकीय पंडित अमुक अमुक यांनी सांगितलं’ असं कुणी लिहीत नाही. एकाचं नाव आलं की लगेच ‘विश्लेषक’ किंवा ‘ज्येष्ठ पत्रकार’ होतं. घोळक्याला पंडित म्हणता येतं, एकट्या माणसाला म्हटलं की तो मान होतो. इंग्रजीत एकट्यालाही बिनदिक्कत पंडिट म्हणतात. माझं भाषांतर अडतं ते एकवचनात.

प्रतिसाद:
अवांतर आहे, पण याच कार्यक्रमांतला ‘स्पिन’ कसा सांगता? १९८४ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रेगन-मॉन्डेल वादचर्चांच्या वेळी ‘स्पिन डॉक्टर’ हा शब्द छापून आला. वादचर्चा संपली की दोन्हीकडची माणसं पत्रकारांना गाठून आपलाच उमेदवार कसा जिंकला ते पटवतात. एका मराठी बातमीत ‘फिरकी’ वाचलं. फिरकी घेणे म्हणजे थट्टा करणे, त्यामुळे अर्थच पालटला.

प्रतिसाद (धागाकर्ती):
फिरकी नकोच. मी दोन शब्द वापरते. नेता काही भलतं बोलून बसला आणि मग माणसं धावली तर ‘सारवासारव’. ओल्या भिंतीवर हात फिरवल्यासारखं आहे ते. काही चुकलेलं नसताना गोष्ट आपल्या सोयीने रंगवून सांगितली तर ‘मखलाशी’. इंग्रजीत एकाच शब्दात दोन्ही कोंबलंय, आपल्याकडे निवड करता येते. वादचर्चेनंतर घडते ती बहुधा मखलाशी.

प्रतिसाद:
मूळ मुद्द्यावर. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी अशाच २८४ तज्ज्ञांची हजारो भाकितं वर्षानुवर्षं नोंदवून तपासली आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेकांची गत ‘अंदाजपंचे’हून फार वेगळी नव्हती, आणि जे जास्त प्रसिद्ध त्यांची भाकितं कमी अचूक. तेव्हा ज्ञानाचा अर्थ असलेला कोणताच शब्द नको. ‘भाष्यकार’ चालेल? ‘राजकीय भाष्यकार’ रूढ आहे, एकवचनातही चालतो.

प्रतिसाद (धागाकर्ती):
भाष्यकार मलाही जवळचा वाटला होता. काल रात्री वापरून पाहिला. बाबांनी चित्रफीत थांबवायला लावली आणि विचारलं, “भाष्य कोणत्या ग्रंथावर?” भाष्याला मूळ ग्रंथ लागतो, सूत्रं लागतात, पतंजलींपुढे पाणिनी होते. या चौघांपुढे सकाळची मतचाचणी होती. तरी रूढ आहे, वाचक अडखळत नाही, म्हणून सध्या एकट्यासाठी ‘भाष्यकार’ आणि घोळक्यासाठी ‘राजकीय पंडित’ असं ठरवलंय.

प्रतिसाद:
ग्रंथाचीच अट असेल तर ‘टीकाकार’चं काय झालं तेही बघा. टीका म्हणजे मूळ ग्रंथ उलगडून सांगणं. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच. आज टीका म्हणजे दोष काढणं. इंग्रजांनी पंडिताचं जे केलं, ते टीकेचं आपण घरच्या घरी केलं. परकी भाषा लागली नाही.

प्रतिसाद (धागाकर्ती):
हे बाबांना उद्या सकाळी सांगते, आत्ता झोपलेत. ‘टीकाकार’ मूळ अर्थाने वापरायला मला मनापासून आवडलं असतं, पण ‘सीएनएनवरचे टीकाकार’ लिहिलं तर वाचणारा सीएनएनचे विरोधकच समजेल. ‘मतकरी’ असा शब्द मनात आला होता, कामकरी-शेतकरीच्या चालीवर, मत देणं हाच धंदा असलेला. आडनाव म्हणून तो आधीच आहे, त्यामुळे घोटाळा होईल का? ज्यांनी बातम्यांची भाषांतरं केली आहेत त्यांनी कृपया सांगावं.