सातवीण, कबुतरं आणि तीनशेचारचा रिपोर्ट

ग्रुप : सी विंग (फक्त कामाचे मेसेज)

सेक्रेटरी : रविवारच्या मीटिंगचे विषय. टाकीची सफाई, डक्टमधली ओल, आणि गेटजवळची सातवीण तोडण्याबाबत सी-१०२ यांचा अर्ज. हरकत असल्यास आजच कळवा. नंतर मीटिंगमध्ये आरडाओरडा नको.

सी-१०२ : हरकत कसली घ्यायचीय? दिवाळीपासून संध्याकाळी खिडकी उघडायची सोय नाही. वासाने डोकं भणभणतं, हिला शिंकांवर शिंका. आणि ३०४ च्या मुलाला तर या झाडापायी दमा लागला.

सी-३०४ : काका, अर्जात मुलाचा उल्लेख आहे म्हणून लिहिते. त्याची ॲलर्जीची रक्ततपासणी केलीय, रिपोर्ट काल आला. त्यात सातवीण नाही.

सी-१०२ : नाही म्हणजे निगेटिव्ह आली, की तपासलीच नाही?

सी-३०४ : तपासलीच नाही. साडेसहा हजारांचं पॅनल, त्यात बर्च आहे, ओक आहे, पण सातवीण नाही, सुबाभूळही नाही.

सी-४०१ : बर्च?? तो माझ्या लेकाच्या घरामागे आहे, स्वीडनला. कोथरूडात कुठनं आला?

सी-३०४ : तेच ना काकू. बाकी गाजर गवत ०.१ पेक्षा कमी. झुरळ ३.१, वर्ग २. शेंगदाणा ०.६, वर्ग १. आणि धुळीतला माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा किडा, २२.४, वर्ग ४. सासूबाई काल रात्रीपासून रडतायत, नातवाचा दमा चौथ्या स्टेजला गेला म्हणून. घरातली चिक्की आणि दाण्याची चटणी पण बंद केलीय त्यांनी.

सी-१०३ : गाजर गवत निगेटिव्ह? मग पलीकडच्या प्लॉटवरचं उपटायला महापालिकेकडे तीन अर्ज केले ते कशासाठी?

सी-४०१ : अहो, दुसऱ्या कोणाला असेल त्याची. उपटू द्या की.

सी-२०१ : रिपोर्टमध्ये कबुतराचं काही आहे का?

सी-३०४ : कबुतराची पिसं आहेत. निगेटिव्ह.

सी-२०१ : झालं तर मग! कबुतरं सुटली. आता माझ्या बाल्कनीतल्या दाण्यांवरून कोणी बोलायचं नाही.

सी-४०२ : बोलणार. तुमचे दाणे खाली, घाण माझ्या एसीवर.

सेक्रेटरी : विषय सातवीण आहे. कबुतरं मागच्या मीटिंगमध्ये झाली.

सी-३०२ : सर्वांना नमस्कार. निवृत्त प्राध्यापकाची लुडबुड समजा. रक्तातून ॲलर्जी ओळखण्याची गोष्ट फार गमतीची आहे. १९२१ साली प्राउसनिट्झ आणि कुस्टनर या दोघांनी प्रयोग केला. कुस्टनरला माशांची ॲलर्जी होती. त्याच्या रक्तातला द्रव प्राउसनिट्झने स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. कातडीवर लाल, खाजरी गांधी उठली! म्हणजे रक्तात काहीतरी आहे हे कळलं. ते काहीतरी म्हणजे आयजीई नावाची अँटीबॉडी, हे समजायला पुढे १९६६-६७ उजाडलं. जपानी इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधला एक गट, दोघांनी वेगवेगळं शोधलं.

सी-४०१ : स्वीडन परत आलं 😄

सी-१०१ : सर, माझ्या फुल बॉडी पॅकेजमध्ये टोटल आयजीई ६४० आलाय. लाल रंगात. मला कसली ॲलर्जी आहे?

सी-१०२ : सिगरेटची.

सी-२०३ (डॉक्टर) : ओपीडी आत्ता संपली, सगळं वाचलं. मोठा मेसेज आहे, माफ करा.

आधी ३०४ च्या आजींना सांगा, वर्ग ४ म्हणजे दम्याची चौथी स्टेज नव्हे. माइटविरुद्धचं आयजीई रक्तात किती आहे, त्याची ती पायरी. १७.५ ते ५० मध्ये आकडा आला की चौथी. दमा किती गंभीर आहे ते त्यावरून कळत नाही, मुळात दमा आहे की नाही हेसुद्धा नाही. ते लक्षणांवरून आणि फुंकायच्या तपासणीवरून, म्हणजे स्पायरोमेट्रीवरून ठरतं. नऊ वर्षांचा मुलगा ती नीट करू शकतो.

दुसरं, चिक्की. तो इतके दिवस खात होता ना? ओठ सुजले, पुरळ आलं, उलटी झाली, असं कधी काही?

सी-३०४ : कधीच नाही. शाळेच्या डब्यात रोज एक वडी असते.

सी-२०३ (डॉक्टर) : मग उद्यापासून परत द्या. रक्तात आयजीई सापडणं वेगळं आणि खाल्ल्यावर त्रास होणं वेगळं. बऱ्याच जणांच्या रक्तात सापडतं आणि आयुष्यभर काही होत नाही. म्हणूनच मी चाळीस-चाळीस गोष्टींची पॅनल सरसकट लिहून देत नाही. जाळं मोठं टाकलं की नको ते मासेही येतात, आणि मग आजी चिक्की बंद करतात.

सी-३०४ : पण डॉक्टर, आम्हाला आधी त्वचेवरची टेस्ट सांगितली होती.

सी-२०३ (डॉक्टर) : ती चांगलीच आहे. हातावर थेंब, हलकं टोचायचं, पंधरा-वीस मिनिटांत गांधी मोजायची. पण तुमचा मुलगा रोज लिव्होसिट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतो. ते साधारण आठवडाभर थांबवल्याशिवाय ती टेस्ट खोटं निगेटिव्ह दाखवू शकते. त्याचं औषध तोडवत नव्हतं, म्हणून रक्त. रक्ताच्या तपासणीला या गोळ्यांनी फरक पडत नाही, उपाशी राहावं लागत नाही, दम्याचा पंपही थांबवायचा नसतो. पंप थांबवलाय का कोणी?

सी-३०४ : नाही नाही. चालू आहे.

सी-२०३ (डॉक्टर) : मग एकच सांगा. खोकला कधी येतो?

सी-३०४ : पहाटे चार-पाचला. उठल्या उठल्या नाक गळतं. जून-जुलैत सगळ्यात जास्त. मे महिन्यात मात्र गच्चीवर चटईवर झोपतो तेव्हा आठ-आठ दिवस खोकला नसतो. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

सी-२०३ (डॉक्टर) : काका, सातवीण फुलते किती दिवस?

सी-१०२ : तीन-चार आठवडे.

सी-२०३ (डॉक्टर) : आणि मुलगा खोकतो वर्षभर, गादीवर. हा माइट गादी-उशीत राहतो, आपल्या कातडीचा कोंडा खातो, दमट हवेत फोफावतो. त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. रिपोर्टमधला २२.४ आणि पहाटेचा खोकला, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून त्या आकड्याला मी मानते. ०.६ च्या शेंगदाण्याला मानत नाही, कारण त्याच्या बाजूने साक्षीदारच नाही.

सातविणीच्या परागांची ॲलर्जी कोणालाच नसते असं म्हणणार नाही. पण तिचं परागीभवन बहुतेक किडे करतात, आणि १०२ च्या काकूंचा त्रास वासाचा वाटतो. उग्र वास, उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांनी नाक चुरचुरतं, शिंका येतात, आधीच दमा असेल तर धापही लागते. पण ती ॲलर्जी नसते, त्यामुळे रक्तात काहीच सापडत नाही. काकू, रागावू नका, तुमच्याकडे संध्याकाळी कॉइल लागते ना?

सी-१०२ : लागते. डास किती आहेत बघा ना.

सी-२०३ (डॉक्टर) : २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगरेटींइतके सूक्ष्म कण निघाले होते. खिडकी बंद करून, आत कॉइल. झाडाआधी तिचा अर्ज करा.

सी-१०१ : सिगरेटचा विषय निघालाच आहे तर माझे ६४०?

सी-२०३ (डॉक्टर) : टोटल आयजीई म्हणजे नुसती गर्दी. कोण आलंय ते त्यातून कळत नाही. जंतांनी वाढतो, एक्झिमाने वाढतो, सिगरेटनेही वाढतो. पण तुम्हाला दमा आहे आणि कफ घट्ट, तपकिरी पडतो असं मागे म्हणाला होतात. ॲस्परजिलस बुरशी बघायला हवी. उद्या संध्याकाळी या. पॅकेज नको, तुम्ही या.

आणि २०१, कबुतरं सुटलेली नाहीत. कबुतरांमुळे फुप्फुसाचा जो आजार होतो तो आयजीईचा नाहीच. त्याची यंत्रणा वेगळी, तपासणी वेगळी, त्यात सीटी स्कॅन लागतो. पिसं निगेटिव्ह म्हणजे कबुतर निर्दोष, असं होत नाही. जाळी राहू दे, दाणे बंद.

सी-४०२ : 🙏🙏🙏

सी-२०१ : दाण्यांचं बघते.

सेक्रेटरी : मग सातविणीचं काय? वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येत नाही, १९७५ चा कायदा आहे. अर्ज पुढे पाठवायचा का?

सी-१०२ : थांबवा सध्या. आठवडाभर कॉइल बंद करून बघतो. नाही फरक पडला तर परत टाकीन.

सी-३०४ : सेक्रेटरीसाहेब, त्याऐवजी डक्टमधली ओल पहिल्या नंबरवर घ्या ना. मुलाची खोली त्याच भिंतीला आहे, पलंगामागे काळी बुरशी धरलीय.

सी-२०३ (डॉक्टर) : अनुमोदन. आणि घरात हे करा. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात, गादीला झिपचं पूर्ण बंद होणारं कव्हर, गादी कडक उन्हात. उन्हाने माइट मरतात, घाण मात्र उरते, म्हणून कव्हर हवंच. झुरळांसाठी जेल लावा, फवारा नको. दोन-तीन महिन्यांनी भेटू. नुसत्या साफसफाईने पंप सुटेल असं समजू नका. तेवढ्याने भागलं नाही तर माइटच्या लसीचं बोलू, पण ती तीन ते पाच वर्षं चालते.

सी-३०४ : रविवारी सकाळी गाद्या गच्चीवर टाकते.

सेक्रेटरी : गच्चीवर गाद्या, वाळवण टाकायला मनाई आहे. २०१९ चा ठराव.

सी-४०१ : तो ठराव मांडला कोणी होता?

सी-२०३ (डॉक्टर) : मी 🙈 रविवारी मागे घेते. विषय चौथा लिहा.