मदत हवी आहे: टेक्सासच्या समुद्रात तांबोशी, ९ मैलांच्या आत एक नियम आणि बाहेर दुसरा

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनला येऊन ११ वर्षं झाली. शेजाऱ्याने २३ फुटी बोट घेतल्यापासून गेले दोन उन्हाळे आम्ही फ्रीपोर्टहून गरवायला जातो. मी मूळ देवगडचा, त्यामुळे तांबोशी लागली की माझा पाय घराकडे वळत नाही. (इथली रेड स्नॅपर हुबेहूब आपली तांबोशी नव्हे, पण भावंडच. कालवणात फरक कळत नाही.)

जुलैमधली गोष्ट. किनाऱ्यापासून ८ सागरी मैलांवर आम्ही तिघांनी मिळून १२ तांबोश्या धरल्या. टेक्सासच्या हद्दीत माणशी ४, किमान लांबी १५ इंच आणि हंगाम वर्षभर, म्हणजे सगळं नियमात. मग किंग मॅकरेल, म्हणजे इथली सुरमई, मिळेल म्हणून बोट आणखी बाहेर काढली. १२ मैलांच्या पुढे तपासणीची बोट आडवी आली. अधिकाऱ्याने बर्फाचा खोका उघडायला लावला आणि एकेक मासा पट्टीवर आडवा ठेवला, तोंड मिटवून, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून. एक भरला साडेपंधरा इंच. म्हणाला, "तुम्ही आता फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, पाण्यात आहात. इथे माणशी २ आणि किमान १६ इंच." मासे आत धरलेत असं आम्ही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कुठे धरले ते मला दिसलं नाही. आत्ता कुठे आहेत ते दिसतंय."

तोंडी समज देऊन सोडलं, पण माझ्या पोटात गोळा आला. ग्रीन कार्डचं काम चालू आहे, नावावर कसलीही नोंद नकोय.

आता खरी अडचण. नोव्हेंबरात बाबा येतायत. ७१ वर्षांचे आहेत, हयात देवगडच्या खाडीत गरवण्यात गेली. त्यांना एकदा तरी इथल्या समुद्रात न्यायचंय. शेजारी तेव्हा गावाला जाणार, म्हणून भाड्याची बोट विचारली. कप्तान म्हणाला, ७ मैलांवर नेतो, पण तांबोशी लागली तर सोडून द्यावी लागेल, माझा हंगाम तेव्हा बंद असतो. शेजारी म्हणतो हे साफ चूक, आत बारा महिने खुलं असतं, गेल्या डिसेंबरात मी स्वतः आणल्या. दोघंही छातीठोकपणे सांगतात. खरं कोणाचं? आणि जुलैत आमचं नक्की काय चुकलं? लेकही येणार आहे, वय १३. तिचं आणि बाबांचं लायसन्स कसं करायचं तेही सांगा.

पोर्ट_अरान्सासकर:
दादा, दोघांचंही खरं आहे. तुमच्या शेजाऱ्याची बोट खासगी, त्यामुळे ९ सागरी मैलांच्या आत त्याला फक्त टेक्सासचा नियम. भाड्याच्या बोटीकडे फेडरल परवाना असेल तर फेडरल नियम तिच्याबरोबर आतही येतो. २००९ पासून असं आहे: परवानाधारक बोटीने जिथे असेल तिथे दोन्हींपैकी कडक नियम पाळायचा. त्यांचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या बराच आधी संपतो. कप्तान तुम्हाला फसवत नाहीये, उलट सरळ माणूस दिसतो. फेडरल परवाना नसलेली, फक्त टेक्सासचं गाईड लायसन्स असलेली बोट शोधा. ती ९ मैलांच्या बाहेर जाऊन तांबोशी धरू शकत नाही, पण आत बाबांना माणशी ४ मिळतील. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा.

जुलैतली चूक क्रमाची. बाहेरही जायचं असेल तर आधी बाहेर जा, १६ इंचांवरच्या माणशी २ घ्या, मग परतताना आत थांबा. बाहेरच्या दोन धरूनच चार मोजायच्या, सहा नव्हे. आणि बाहेरचा हंगाम बंद असेल तर तांबोशी खोक्यात घेऊन रेषेपलीकडे जाऊच नका.

अंतराचंही बघा. ९ सागरी मैल म्हणजे साधारण १६.७ किलोमीटर, आणि ते किनाऱ्यापासून, तुमच्या धक्क्यापासून नव्हे. जीपीएसचा पडदा साध्या मैलांत आहे की सागरी मैलांत तेही तपासा. सागरी नकाशावर ही रेषा आखलेली असते, तीच धरून चाला. मी स्वतः अर्धा मैल आत राहतो.

लेकीला लायसन्स नको, १७ च्या खाली लागत नाही. माशांची मर्यादा मात्र तिलाही आहे. बाबांना परराज्यातल्यांचं एक दिवसाचं घ्या, त्यात खारं पाणी धरलेलं असतं.

टँपाची_माई:
हे ९ मैल आले कुठून ते सांगते, म्हणजे डोक्यात बसेल. टेक्सास १८३६ मध्ये वेगळं प्रजासत्ताक झालं तेव्हा त्याने समुद्रातली हद्द तीन लीग लावली, तेच ९ सागरी मैल. १९५३ च्या कायद्याने बहुतेक राज्यांना ३ मैल मिळाले. टेक्सास आणि फ्लोरिडाच्या गल्फ (मेक्सिकोचं आखात) बाजूचे ९ मैल सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये मान्य केले. आमच्याकडे त्याहून गंमत. त्याच फ्लोरिडाच्या अटलांटिक बाजूला हद्द ३ मैल, आणि तिथे २०२४ मध्ये फेडरल पाण्यातला तांबोशीचा हंगाम एक दिवसाचा होता, १२ जुलै.

तुमच्या बाजूलाही २०१७ मध्ये खासगी बोटींना आधी फक्त ३ दिवस दिले होते. आरडाओरडा झाल्यावर ३९ वाढवले. राज्यं आपल्या पाण्यात हंगाम लांबवायची, तो मासा एकूण कोट्यातून जायचा आणि बाहेरचे दिवस आणखी कमी व्हायचे. २०२० पासून खासगी बोटींचा बाहेरचा हंगामही ज्याचं त्याचं राज्य ठरवतं, म्हणून दरवर्षी टेक्सासची तारीख बघूनच निघायचं.

एक कळकळीने सांगते. लहान मासा सोडताना नुसता पाण्यात टाकू नका. खोलातून वर आलेल्या तांबोशीचे डोळे बाहेर येतात, पोट तोंडातून लोंबतं, ती वरच तरंगत राहते आणि मरते. वजन लावून खाली सोडायचं साधन मिळतं, ते बोटीवर तयार ठेवा. आणि खरं आमिष लावणार असाल तर सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळच वापरा, तोही स्टेनलेस नको.

धागाकर्ता:
माई, दादा, मनापासून आभार. आज तीन बोटींना फोन केले. दोघांकडे फेडरल परवाना निघाला, तिसऱ्याकडे फक्त टेक्सासचं लायसन्स आहे, त्याची १५ नोव्हेंबर धरली. बाबांना फोनवर सांगितलं की जुने गळ बॅगेत भरू नका, इथे गोल वळलेलाच लागतो. त्यांनी विचारलं, मग मासा ओढल्यावर झटका द्यायचा की नाही? सर्कल हूकला काय करतात?

पोर्ट_अरान्सासकर:
झटका अजिबात नाही. दोरी ताणली की सावकाश गुंडाळत राहायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. काकांना पहिले दोन-तीन मासे सुटतील, मग हात बसेल.