प्रीबायोटिक टाकलं की कोंबड्यांचं शेड सुधारतं म्हणे!

माळरान: कालच्या एका पोस्टने डोकं उठवलं. 'टनभर खाद्याला किलोभर प्रीबायोटिक (आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाणं) टाका, अँटिबायोटिक विसरा, एफसीआर (किलोभर वजन वाढायला लागणारं खाद्य) आपोआप खाली येतो. जे टाकत नाहीत ते अजून आजोबांच्या काळात आहेत.' माझे आजोबा गावरान पाळायचे, ते सोडा. हिशेब करा. किलोला ३०० रुपये धरले आणि पक्षी साडेतीन किलो खाद्य खातो म्हटलं, तर पक्ष्यामागे रुपया गेला. ५,००० पक्ष्यांच्या शेडला दर बॅचला ५,०००. तेवढ्यात कोरडं तूस येतं, पाण्याची लाइन धुऊन होते. इकडे पाण्याचे निपल गळतायत, लिटर (जमिनीवरचा तुसाचा थर) चिकट झालंय, अमोनियाने आपलेच डोळे चुरचुरतायत, कॉक्सी, म्हणजे आतड्याचा परजीवी रोग, दाराशी उभा. आणि हे म्हणे टनाला किलोभर टाका. मी एमओएस नावाचं प्रीबायोटिक घालून पाहिलंय. उन्हाळ्याच्या बॅचला काडीचा फरक पडला नाही.

खाद्यवाला: पोस्ट माझीच. एमओएस म्हणजे यीस्टच्या पेशीभित्तिकेतला भाग. ई-कोलाय, साल्मोनेला आतड्याला चिकटायच्या ऐवजी त्याला चिकटतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. एफओएस हे दुसरं प्रीबायोटिक, लॅक्टोबॅसिलस या चांगल्या जंतूचं खाणं. यात जादूटोणा काय आहे? वाढीसाठीची अँटिबायोटिक्स युरोपने २००६ पासून पूर्ण बंद केली, तिथल्या कोंबड्या संपल्या का? आणि आतड्यात चांगले जंतू बसले की साल्मोनेला टिकत नाही, हे नुर्मी या संशोधकाने १९७३ मध्येच दाखवलंय.

पशुवैद्य_काका: नुर्मीला यात ओढू नका. त्याने मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवंत जंतू पिल्लांना पाजले होते. ते प्रीबायोटिक नव्हे. हॅचरीच्या पिल्लाला आईचा सहवास नसतो, आतडं जवळजवळ कोरं असतं. पंगतीला कोणी बसलेलंच नाही आणि तुम्ही वाढत सुटलात! युरोपातही कॉक्सीसाठी आयोनोफोर (तीही एक प्रकारची अँटिबायोटिक्सच) चालूच आहेत, ते पोस्टमध्ये का नाही लिहिलं? स्वीडनने तर १९८६ मध्येच बंदी घातली. तिथे शेडची हवा, लिटर, खाद्यातली प्रथिनं, सगळ्यावर काम करावं लागलं. शिवाय सोयापेंडीत रॅफिनोज आणि स्टॅकिओज असतातच. तेही पक्ष्याला पचत नाहीत, जंतूच खातात. जास्त झाले की विष्ठा चिकट. वरून आणखी किती ओतणार?

खाद्यवाला: डोस पाळला तर चिकट होत नाही. आणि काका, शेडमध्ये रोगाचा दाब असतो तिथेच फरक दिसतो. चकाचक शेडमध्ये दिसणारच नाही.

माळरान: म्हणजे घाणेरड्या शेडचं औषध. पोस्टमध्ये तसंच लिहायचं होतं की.

सांगलीकर: तुमचं टनाचं गणित चालू द्या. करारावर पक्षी वाढवणाऱ्याच्या हातात खाद्य आहे का? पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, लाइटबिल आणि रात्रीची जाग आमची. गेल्या पावसाळ्यात पोतं उघडलं तर कुबट वास. आठवड्यात फीड पास व्हायला लागलं, म्हणजे न पचलेलं खाद्य विष्ठेत. सुपरवायझर म्हणतो, तुमचं मॅनेजमेंट कमी पडतंय. वर पक्षी उचलून न्यायची गाडी आठवडाभर उशिरा. तोवर पक्षी खातच होते. एफसीआर बिघडला आणि ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवायचा मोबदला, माझा कापला. त्यात प्रीबायोटिक होतं का शेण, मला काय माहीत?

नवा_शेडवाला: दादा, एवढं आहे तर करार सोडा की. स्वतःचे पक्षी टाका.

सांगलीकर: २०२० चा फेब्रुवारी-मार्च पाहिलात का? चिकनने कोरोना होतो अशी अफवा उठली आणि रेट मातीमोल. स्वतःचे पक्षी टाकणाऱ्या ओपनवाल्यांनी जिवंत पक्षी फुकट वाटले. आमचा चार्ज तरी सुटला. शेडवर बँकेचा हप्ता नसला की सल्ले सुचतात.

नवा_शेडवाला: हप्ता मलाही आहे. वैयक्तिक कशाला जाता?

खाद्यवाला: धागा आतड्याचा होता, एवढी आठवण करून देतो.

माळरान: विकणाऱ्याला आतडंच दिसणार.

खाद्यवाला: मी विकत नाही. फीड मिलला फॉर्म्युलेशन करून देतो.

माळरान: म्हणजे ठोकमध्ये.

पशुवैद्य_काका: भांडा खुशाल, पण कुबट पोत्याचं सोडू नका. ओल्या मक्यात अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष असलं तर यकृत आणि प्रतिकारशक्ती दोन्ही जातात, मग कुठलंही प्रीबायोटिक घाला. आणि अफलाटॉक्सिनला यीस्टच्या भित्तिकेपेक्षा बेंटोनाइट माती जास्त धरते.

खाद्यवाला: बरं, 'आपोआप' मागे घेतो. तेवढंच. किलोभर तसंच राहील.

माळरान: उपकार झाले. पावसाळी बॅचला, पहिले दोन आठवडे, लिटर कोरडं असेल तर घालून बघा, इथवर मी येतो. त्यापुढे रुपयासुद्धा नाही.

सांगलीकर: माझं कोणीच ऐकलं नाही. पोत्यातला नमुना प्रयोगशाळेत द्यायचा असेल तर काय करायचं?

पशुवैद्य_काका: चार-पाच पोत्यांतून थोडं थोडं काढून एकत्र करा, कोरड्या पिशवीत दोन भाग सील करा, तारीख आणि बॅच नंबर घाला. एक भाग तुमच्याकडे. सुपरवायझरची सही घ्या.

सांगलीकर: सही मागितली तर पुढच्या बॅचला पिल्लंच येणार नाहीत, काका.